साखरेचे खाणार

‘साखरेचे खाणार त्याला देव देणार’ अशी एक म्हण आपल्यात आहे. ती ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या घरात मधुमेहाचे माणूस नसावे. आयुष्यातली जी जी चांगली गोष्ट म्हणून आहे ती आपल्या भाषेने साखरेच्या बरणीत घालून ठेवली आहे. लग्न ठरले की साखरपुडा. कोणी शुभवार्ता आणली की ‘तुझ्या तोंडात साखर पडो.’ पहाटेची, उठवत नाही अशी जी झोप, ती साखरझोप. बोलणे गोड हवे, गळा गोड हवा, कथेचा शेवट तर गोड हवाच हवा; नाहीतर प्रकाशक तोंड कडू करतात, हे मी चार कादंबऱ्यांच्या अनुभवाने सांगते. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला डॉक्टर एके दिवशी कागदावरून नजर न उचलता सांगतात, ‘आजपासून गोड बंद.’ डॉक्टरांना वाटते, आपण एक पदार्थ बंद केला. ऐकणाऱ्याला वाटते, बारसे, साखरपुडा, पाडवा, भाऊबीज, सगळ्यांची दारे आपल्याला एकदम लागली.

म्हणूनच की काय, आपण या दुखण्याला ‘शुगर’ म्हणू लागलो. डब्यातली ती साखर आणि रक्तातली ती शुगर. ‘त्यांना शुगर आहे’ असे आपण म्हणतो; ‘त्यांना साखर आहे’ असे कोणी म्हणत नाही. जणू काही या दोघी कुठल्या दूरच्या गावच्या, एकमेकींचे तोंडही न पाहिलेल्या बाया आहेत. जुन्या वैद्यांनी असा आडपडदा ठेवला नव्हता. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे त्यांनी पाहिले आणि सरळ मधुमेह म्हणून मोकळे झाले.

आमचे माहेर कृष्णाकाठचे, ऐन ऊसपट्ट्यातले. दसरा झाला की गाळपाची तयारी सुरू होते, आणि दिवाळीच्या मागेपुढे केव्हातरी वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास गावात शिरतो. पाहुणे नाकाला पदर लावतात. आम्हाला तो वास आला नाही तर दिवाळी आल्यासारखी वाटत नाही. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे चाक पहिल्याने फिरले, आणि पुढे आमच्याकडच्या नद्यांच्या काठानेही अशी धुराडी उभी राहिली. सभासदाला दिवाळीची साखर सवलतीच्या भावात मिळते. आमच्या आबांच्या शेअरवर ती मिळे. आता दादाच्या नावावर मिळते. पोते घरात आले की त्याला हळदकुंकू लावायचे आणि माजघरात पाटावर ठेवायचे. पोत्याच्या या बाजूला पोते, आणि त्या बाजूला खाटेवर मधुमेहाचे आबा, असे आमचे घर होते.

आबांचे दुखणे कळले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. त्या दिवसांत बोटाला सुई टोचून आकडा दाखवणारी यंत्रे आमच्या गावापर्यंत आली नव्हती. आमच्या न्हाणीघरात एक लाकडी घोडी होती. तीत एक काचेची नळी, शेजारी स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली. त्या औषधाला बेनेडिक्टचे द्रावण म्हणतात हे मला पुष्कळ नंतर कळले. नळीत चमचाभर निळे औषध घ्यायचे, त्यात आठ थेंब लघवी टाकायची आणि दिव्यावर उकळी आणायची. निळे ते निळेच राहिले तर सगळे ठीक. साखर असेल तर रंग पालटे. थोडी असली तर हिरवा, वाढली की पिवळा, मग नारिंगी, आणि फार झाली म्हणजे विटेसारखा तांबडा. मला तो खेळ फार आवडे. काचेत निळ्याचा हिरवा होताना मी टाळ्या पिटी. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राही आणि नळीकडे न बघता आबांच्या तोंडाकडे बघे. तिला रंग तिथेच दिसत असावा.

दिवाळीत नळी दर वर्षी तांबडी होई. कारण सोपे होते. आई फराळाचे दोन वाटे करी. मोठ्या डब्यांत सगळ्यांचे. आणि आबांसाठी एका जर्मनच्या वाटीत भाजलेल्या पोह्यांचा अळणी चिवडा. पंगतीत सगळ्यांच्या ताटांत करंजी पडे, आबांच्या ताटापाशी आल्यावर आईचा हात थबके, आणि ती वाटी पुढे येई. आबा काही बोलत नसत. वाटी खाऊन संपवत, हात धुवत, बाहेर जात. पण रात्री सगळी निजानीज झाली की माजघरात पत्र्याच्या डब्याचे झाकण वाजे. झाकण उघडताना आवाज होऊ नये म्हणून माणूस जितकी काळजी घेतो तितका तो आवाज मोठा होतो. मी अंथरुणात डोळे मिटून ऐकत असे. शेजारी आई जागी असे, हे तिच्या श्वासावरून कळे. तीही उठत नसे. डब्यातले लाडू तिने मोजून ठेवलेले असत आणि सकाळी ते पुन्हा मोजले जात. कमी भरले तरी ती त्यावर कोणाला काही बोलल्याचे मला आठवत नाही. फक्त न्हाणीतली नळी आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ घासत बसे.

इन्शुलिन सुरू झाले तेव्हा घरात फ्रिज नव्हता. माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत एक बोळके पुरलेले असे, त्यात ती चिमुकली बाटली. काचेची पिचकारी रोज पातेल्यात उकळायची. ती बाटली म्हणजे किती मोठी वस्तू आहे हे त्या वयात काय कळणार? टोरोंटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ११ जानेवारी १९२२ रोजी हे औषध पहिल्याने टोचले. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे एवढाच उपाय डॉक्टरांच्या हाती होता. ज्या बँटिंगने साथीदारांसह ते शोधले त्याचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. आणि आमच्या शाळेत त्याच दिवशी बालदिनाचा खाऊ वाटतात. २०२३ साली तर दिवाळीचा पाडवाही नेमका त्याच तारखेला आला होता. पंचांगकर्त्यांनाही विनोदबुद्धी असते म्हणायची.

साखरेवर मात्र रागावून चालत नाही, हेही त्याच घरात शिकले. एका नरकचतुर्दशीला आबांनी पहाटे इन्शुलिन टोचून घेतले, मग अभ्यंगस्नान, मग देवपूजा, मग गावातल्या देवळात जाऊन येणे. फराळाला बसायला उशीर झाला. आबांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, ते आईला वेगळ्याच नावाने हाका मारू लागले. आम्ही पोरे घाबरून रडायला लागलो. आईने धावत जाऊन पोत्यातली मूठभर साखर आणली, पाण्यात कालवली आणि घोट घोट त्यांच्या तोंडात घातली. पाच-दहा मिनिटांत माणूस परत आपल्या डोळ्यांत आले. इन्शुलिन किंवा तशा काही गोळ्या घेणाऱ्याने वेळेवर खाल्ले नाही तर रक्तातली साखर अशी खाली घसरते, आणि तेव्हा खरी साखरच लागते. कृत्रिम गोडीची गोळी त्या वेळी कवडीच्या उपयोगाची नाही. दादाच्या खिशात आज रुमालाबरोबर साखरेची पुडी असते ती यासाठी.

आबांच्या पायाला पुढे जखम झाली. ती भरली नाही. गुडघ्याखालून पाय गेला, आणि २००१ साली आबा गेले. सत्तावन्नावे चालू होते.

दादा आता छप्पन्न वर्षांचा आहे. मधुमेह त्याला आबांच्या शेताबरोबरच वारसा म्हणून मिळाला. त्याला सोबत उदंड आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी मोठी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्या हिशेबाने देशात १० कोटींहून अधिक लोक या पंगतीला बसलेले आहेत. पण पंगतीत माणूस एकटाच असतो. दीड वर्षापूर्वी एका नात्यातल्या लग्नात जिलेबीचे ताट फिरत होते. वाढप्या दादापाशी आला आणि यजमान मांडवाच्या त्या टोकावरून ओरडले, “अहो, त्यांना नको! त्यांना शुगर आहे!” शंभर माना वळल्या. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच होती, यात शंका नाही. दादा हसला. पण त्या दिवसापासून तो कोणाच्या घरी जेवायला बसेना. गेल्या श्रावणात डोळ्याच्या डॉक्टरांनी पडद्यावर रक्ताचे ठिपके दाखवले तेव्हापासून तर तो अगदीच मिटला.

आश्विनात त्याचा फोन आला. “भाऊबीजेला येतो. ओवाळून घेतो, च्या घेतो आन् निघतो. जेवायला थांबत न्हाई.”

“का रे?”

“माझ्या एकट्यापायी साऱ्यांचा सण कशाला नासवायचा, बाळ? तुम्ही खावा की निवांत.”

आमच्या घरची भाऊबीज म्हणजे दुहेरी असते. सांगलीत आमच्याकडे माझा भाऊ येतो, आणि त्याच दिवशी ‘ह्यां’ची बहीण, माझ्या वन्सं, कोल्हापुराहून आपल्या भावाला ओवाळायला येतात. दादा, वहिनी, त्यांची दोन मुले, आई, वन्संचे कुटुंब आणि आम्ही, असे चौदा पान होते. चौदांतले एक पान जेवणार नसेल तर मी ओवाळायचे तरी कोणाला? मी त्याला फोनवर काही बोलले नाही. फोन ठेवला आणि मनाशी दोन गोष्टी ठरवल्या. एक, चौदा ताटांत एकच गोड वाढायचे. वेगळी वाटी घरात दिसता कामा नये. दुसरी, ते गोड दादाला बाधता कामा नये. ठरवायला अर्धे मिनिट लागले. जमवायला तीन आठवडे लागले.

मी दहावी पास होऊन बालवर्ग शिकवणारी बाई. माझे रसायनशास्त्र त्या निळ्या नळीपाशी सुरू झाले आणि जवळजवळ तिथेच संपले. तरी वही घेतली. रोज शाळा सुटल्यावर एक पदार्थ करायचा, वजने लिहायची आणि घरच्यांना खायला लावायचे, असा क्रम धरला.

पहिल्याने आडवे आले ते गूळ आणि खजूर. गुळावर आमच्या गावची निष्ठा अढळ आहे. साखर वाईट, पण आपल्या गुऱ्हाळाचा बिनमसाल्याचा गूळ म्हणजे औषध, असे तिथे शंभरातले नव्वद जण शपथेवर सांगतील. गुळात थोडे लोह असते, चार क्षार असतात, हे खरे. बाकी ती त्याच उसाची मुलगी. रक्तात गेल्यावर ती थोरल्या बहिणीसारखीच वागते. खजुराचे तेच. बाजारात ‘बिनसाखरेचे लाडू’ म्हणून खजुराचे लाडू मिळतात; पण खजुराच्या वजनाचा दोनतृतीयांशाच्या आसपास भाग साखरच असतो, ती झाडाने घातलेली असते इतकेच. असल्या चिठ्ठीचे खरे नुकसान वेगळे आहे. साखरेचा लाडू माणूस भीतभीत अर्धा खातो आणि बिनसाखरेचे म्हणून चार खातो.

मग बासुंदी. बासुंदीत साखर घातलीच नाही तर? हा विचार मला फार चतुर वाटला, पण वहीने तो खोडून काढला. एका लिटर दुधात मूळचीच दुग्धशर्करा ४५ ते ५० ग्रॅम असते. दूध आटते, पाणी उडून जाते, पण शर्करा कुठे जाते? ती तिथेच. लिटरभर दूध आटवून चार वाट्या केल्या तर साखरेचा कण न घालता प्रत्येक वाटीत बारा ग्रॅम आलीच. म्हणजे अडीच-तीन चमचे. बासुंदी बाद झाली.

चक्क्याची गोष्ट याच्या अगदी उलट. दही टांगले की निवळीबरोबर बरीचशी शर्करा गळून जाते. दोन लिटर दुधाचे विरजण रात्रभर पंचात टांगले, सकाळी पाऊण किलोच्या आसपास चक्का मिळाला. आता श्रीखंडाला आपल्याकडे चक्क्याच्या बरोबरीने साखर घालतात. ती जागा भरायची कशाने? गोडीची भुकटी आणली.

या भुकटीची एक गंमत आहे. जगातल्या कृत्रिम गोडीचे शोध बहुतेक स्वयंपाकघरातल्या शिस्तीचा भंग झाल्यामुळे लागले आहेत. १८७९ साली फालबर्ग नावाचे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून आले, नीट हात न धुता जेवायला बसले, आणि पाव गोड लागला; त्यातून सॅकरीन निघाले. आपल्या आयांनी त्यांना ताटावर बसूच दिले नसते आणि जग सॅकरीनला मुकले असते. पण आपल्याला जवळची गोष्ट १९७६ ची आहे. लंडनच्या एका कॉलेजात साखरेच्या कणांना क्लोरीन जोडण्याचे प्रयोग चालले होते. प्राध्यापक हफ यांनी हाताखालच्या संशोधकाला एक पदार्थ ‘टेस्ट’ करायला, म्हणजे तपासायला सांगितले. संशोधकाला ऐकू आले ‘टेस्ट’च, पण चव घेण्याचे, ऐकणाऱ्याचा इंग्रजी कान आणि सांगणाऱ्याचे इंग्रजी तोंड यांत तेवढे अंतर पडले. त्याने बेधडक जिभेवर ठेवले. ते सुक्रॅलोज होते, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. संशोधकाचे नाव शशिकांत फडणीस. हे वाचल्यावर ती भुकटी मला एकदम नात्यातली वाटू लागली. आपल्याकडे आलेल्या माणसाला ‘जरा बघता का’ म्हटले तर तो चव घेऊनच बघणार, यात नवल ते काय?

तरी नात्यातली म्हणून तिला डोक्यावर बसवले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली वजन उतरवण्यासाठी असल्या गोड्या वापरू नका असे सुचवले आहे. आधीच मधुमेह असलेल्यांना त्या सूचनेतून वगळले आहे खरे; पण चौदा ताटांत एकच गोड वाढायचे तर बाकीच्या तेरांचाही विचार हवा. शिवाय डब्यावरची बारीक अक्षरे भिंगाने वाचावी लागतात. भुकटी फुगवण्यासाठी कित्येकदा त्यात पिष्टाचीच पूड मिसळलेली असते. मी बेताने घातली. आणि श्रीखंड फसले. गोड झाले, पण कोरडे, रवाळ, घशाला चिकटणारे. तेव्हा कळले की साखर चक्क्यात नुसती गोडी घालत नाही; ती त्याला पाझर फोडते, सैल करते, चकाकी देते. हे काम फडणीसांच्या भुकटीला येत नाही. दुसऱ्या खेपेला चक्का पुरणयंत्रातून दोनदा काढला, चार चमचे साय फेटून घातली, केशर कोमट दुधात खललेले, जायफळ नेहमीच्या दुप्पट, वेलदोडा, आणि वरून डाळिंबाचे दाणे. जायफळाने आणि केशराने जिभेला थोडे फसवता येते; गोड कमी असले तरी ती तक्रार करायची विसरते. आमच्या कन्येने वाटी चाटून पुसली आणि विचारले, “यात काय नाही?” मी वहीत बरोबरची खूण केली.

बेसनाच्या लाडवाला भुकटी मुळीच वापरली नाही. रव्याचा लाडू पाकावर उभा राहतो, पाक काढला की तो मोडतो. बेसनाचा लाडू तुपावर वळतो. त्यामुळे त्यात साखर कमी केली तरी तो रुसत नाही. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप. एरवी यात पावणेचारशे-चारशे ग्रॅम साखर जाते, मी शंभर घातली आणि शंभर ग्रॅम बदामाची पूड. बेसन मात्र मंद आचेवर पाऊण तास भाजले, हात भरून येईस्तोवर. गोडी कमी करायची तर खमंगपणा वाढवावा लागतो, त्याला दुसरा तोडगा नाही. लाडू सुपारीहून थोरला, लिंबाहून धाकटा. चाळीस झाले. म्हणजे एका लाडवात साखर अडीच ग्रॅम आणि बेसनातले पिष्ट सातएक ग्रॅम. हा आकडा वहीत लिहिला तेव्हा मला पहिली कादंबरी छापून आल्याइतका आनंद झाला.

अनारशाला मी हात लावला नाही. तीन दिवस भिजवलेले तांदूळ आणि गूळ यांचे जे काही आपसांत ठरलेले असते त्यात तिसऱ्याने पडू नये. अनारसे नेहमीसारखेच केले, फक्त खसखशीवर थापताना रुपयाएवढे थापले, आणि ताटाला एक. ज्याला तो खायचा त्याने भाताची मूद सोडायची, असा चौदांनाही सारखाच नियम. हे तत्त्व मला डॉक्टरांनीच समजावले होते. गोड खाल्ले की नाही यापेक्षा ताटात एकंदर पिष्ट किती गेले याचा हिशेब खरा. तिखट फराळ याच हिशेबातून लोकांच्या नजरेआड सटकतो. दादा लाडू बघून हात मागे घेतो आणि ‘हे गोड न्हाई की’ म्हणत सहा चकल्या उडवतो. भाजणीत तांदूळ आहेत हे चकलीच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते.

आता वन्संचा भाग. त्या बोलायला मोकळ्या आणि मनाने फार चांगल्या. पण सणाला काटकसर त्यांना खपत नाही. आदल्या दिवशी फोनवर त्यांना बेत सांगितला तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “वहिनी, राग मानू नका, पण सणाच्या दिवशी धडधाकट माणसांच्या ताटात तुम्ही औषध वाढणार?” मी म्हटले, “वाढून बघते. नाही आवडलं तर रात्री तुम्हाला जिलेबी आणते.” “बघू,” म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी येताना स्टीलच्या कडीच्या डब्यात दोन लिटर बासुंदी घेऊन आल्या. ती मी त्यांच्यादेखत फ्रिजमध्ये ठेवली. म्हटले, “रात्रीच्या जेवणाला.” त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले. आम्हा दोघींचे संबंध वीस वर्षांचे आहेत.

दादा अकराला आला. पाटावर बसला. टोपी घातली, मी कुंकू लावले, अक्षता टाकल्या, सुपारी-अंगठी फिरवली, ओवाळले. मग तोंड गोड करायचे ते आले. त्याने सवयीने मान थोडी मागे घेतली आणि म्हणाला, “साखरेचा एक दाणा पुरे.” मी ताम्हनातला लाडू उचलून अख्खा त्याच्या तोंडापाशी नेला. तो माझ्याकडे बघत राहिला. वहिनींचा चेहरा उतरला. मी म्हटले, “अडीच ग्रॅम साखर आहे. वहीत लिहिलंय. वही दाखवू?” त्याने तोंड उघडले. लाडू हळूहळू चावून गिळला आणि म्हणाला, “बेसन ब्येस भाजलंयास.”

ओवाळणी घातल्यावर तो उठून चपला शोधू लागला. मी त्या आधीच कपाटात ठेवून दिल्या होत्या. “बाराला पानं घेतलीत,” मी म्हणाले. “गोळी घेऊन बस.” बारा म्हणजे बारा, गोळी घेतलेल्या माणसाला आरतीसाठी ताटकळत ठेवायचे नाही, हा आईचा त्या नरकचतुर्दशीपासूनचा दंडक आहे.

पाने मांडली. दादाने बसण्यापूर्वी सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. तो वेगळी वाटी शोधत होता, हे मला कळले. त्याच्या जागी मीही तेच केले असते. चौदाही पानांत श्रीखंडाची तीच वाटी, तोच लाडू, तोच रुपयाएवढा अनारसा, दोन-दोन पुऱ्या, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, अळूचे फदफदे. कोणीच काही बोलले नाही. मुले खाऊ लागली. वन्संनी श्रीखंडाचे बोट चाखले, डोळे मिटले, आणखी एक चाखले. मग त्यांच्या यजमानांनी विचारले, “आणखी आहे का?” आणि वन्सं त्यांच्या अंगावर ओरडल्या, “वाटी एकच आहे सगळ्यांना! नियम म्हणजे नियम!” दादाला ठसका लागेपर्यंत हसू आले. किती दिवसांनी तो असा पंगतीत हसत होता याचा हिशेब मी वहीत केला नव्हता. त्याने अनारसा खाल्ला आणि भाताची मूद कोणी न सांगता बाजूला केली.

आई पंगतीच्या टोकाला खुर्चीवर बसली होती. तिला खाली बसवत नाही. तिने आपला लाडू हातात धरून बराच वेळ पाहिला, वास घेतला, पण खाल्ला शेवटी.

जेवायला बसल्यापासून बरोबर दोन तासांनी दादाच्या थोरल्या मुलाने ते छोटे यंत्र काढले. वामकुक्षीत पसरलेले सगळे उठून भोवती जमले. वन्संसुद्धा पदर सावरत आल्या. बोटाला टोचले, थेंब पट्टीला लावला. यंत्राने काही क्षण विचार केला आणि आकडा दाखवला : १६८.

“मंजी?” आईने खुर्चीवरून विचारले. तिला आकड्यांतले कळत नाही.

“बरं हाय, आई. जेवल्यावर एकशे ऐंशीच्या आत म्हणजे बरंच की.”

“ते नव्हं. रंग कोणता?”

खोलीतल्या पोरांना काही समजले नाही. दादाने माझ्याकडे पाहिले. मग तो उठला, आईच्या खुर्चीपाशी जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, “निळा. निळाच ऱ्हायला आसता.”

“उकळी आल्यावर?”

“उकळी आल्यावर.”

आईने मान हलवली. मग हात लांब करून स्टुलावरची चकल्यांची परात दादाच्या हाताला येणार नाही अशी पलीकडे सरकवली.